बाळ सारखं अंगावर पितंय, तरी रडतंय: नेमकं कुठे बिघडलंय ते कसं शोधायचं

पाजून खाली ठेवलं की दहा मिनिटांत परत तोंड शोधायला लागतं. मुठी चोखतं, मान इकडेतिकडे वळवतं, मग भोकाड. छातीला लावलं की चारदोन घोट घेऊन डोळे मिटतं. काढून घ्या, की पुन्हा तेच. दिवसभर असं चाललं की घरात कोणीतरी म्हणतंच, "काहून रडून राहिलं इतकं? पोटच नाही भरून राहिलं त्याचं. दूध पुरत नसंल." आणि संध्याकाळपर्यंत औषधाच्या दुकानातून पावडरचा डबा आलेला असतो.

डबा फोडण्याआधी दोन गोष्टी बघा: लंगोट आणि वजन. बाकी कशावरूनही दूध कमी आहे असं ठरवू नका. छाती मऊ लागते, पान्हा फुटलेला जाणवत नाही, पंप लावला तर जेमतेम 20 मिली निघतं, यातलं काहीच दुधाचं माप नाही. पंपाला जेवढं ओढता येतं त्यापेक्षा नीट पकड असलेलं बाळ बरंच जास्त ओढतं. महिना-दीड महिन्यानंतर तर छाती मऊ होणारच, कारण तोवर शरीराला बाळाची मागणी कळलेली असते आणि उगाच साठा करणं ते बंद करतं.

लंगोट कसे मोजायचे

पहिल्या दिवशी एक शू, दुसऱ्या दिवशी दोन, तिसऱ्या दिवशी तीन, असा साधारण हिशेब. पाचव्या-सहाव्या दिवसापासून 24 तासांत निदान 6 चांगल्या ओल्या लंगोटी हव्यात, आणि शू पाण्यासारखी फिकी हवी. पहिल्या दोन-तीन दिवसांत लंगोटीवर विटकरी डाग दिसला तर घाबरू नका. चौथ्या दिवसानंतरही तो दिसत असेल तर मात्र बाळाला दूध कमी जातंय असं समजा.

शीचा रंग त्याहून जास्त सांगतो. सुरुवातीची शी डांबरासारखी काळी-चिकट असते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ती हिरवट होते आणि पाचव्या दिवसापर्यंत मोहरीसारखी पिवळी, पातळ, दाणेदार व्हायला हवी, दिवसातून 3-4 वेळा. पाचव्या दिवशीही काळीच शी होत असेल तर दूध पोटात उतरत नाहीये.

आपल्याकडे एक घोटाळा हमखास होतो. मे महिन्यात सुती लंगोट कूलरच्या वाऱ्यात इतक्या लवकर वाळतं की शू झालेली कळतच नाही, आणि मग "सकाळपासून शूच नाही" म्हणून धावपळ. उलट डायपरमध्ये थोडीशी शू शोषली जाते आणि डायपर कोरडाच वाटतो. त्यावर सोपा उपाय आहे. कोऱ्या डायपरवर 3 मोठे चमचे, म्हणजे सुमारे 45 मिली पाणी ओता आणि हातात तोलून बघा. चांगला ओला डायपर एवढा जड लागतो. लंगोट वापरत असाल तर मोजणीचे दोन दिवस दर तासाला हात लावून बघा आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर रेघा मारा. डोक्यात ठेवलेली मोजणी रात्री दोन वाजता चुकते.

वजन

जन्मानंतर पहिल्या काही दिवसांत वजन उतरतंच. 7 टक्क्यांपर्यंत चालतं. 10 टक्क्यांच्या जवळ गेलं तर त्याच दिवशी डॉक्टरांनी बाळ बघायला हवं. दहा ते चौदा दिवसांत जन्माचं वजन भरून यावं आणि पुढे पहिले तीन महिने रोज 20 ते 30 ग्रॅम, म्हणजे आठवड्याला साधारण 150 ते 200 ग्रॅम वाढ हवी.

समजा बाळ 2,800 ग्रॅमचं जन्मलं आणि चौथ्या दिवशी 2,590 भरलं. 210 ग्रॅम गेले, म्हणजे साडेसात टक्के. लक्ष ठेवायचं, पण घाबरायचं नाही. दहाव्या दिवशी ते 2,650 भरलं, तर सहा दिवसांत 60 ग्रॅम, रोजचे 10. हे कमी आहे. इथे बाळ "सारखं पितंय" ही तक्रार खरी आहे आणि खाली सांगितलेलं आजपासूनच करायचं आहे. दहाव्या दिवशी 2,760 भरलं असतं, तर त्याच रडण्याकडे आपण वेगळ्या नजरेनं बघितलं असतं.

वजन दर वेळी एकाच काट्यावर, उघड्या बाळाचं करा. दवाखान्याचा काटा, मग औषधाच्या दुकानातला, मग आईनं बाळाला घेऊन घरच्या काट्यावर उभं राहायचं, असे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. आशाताई बाळंतपणानंतर 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी घरी येतात तेव्हा त्यांच्याकडे बाळाचा काटा असतो. त्यांना वजन करायला सांगा आणि आकडा लिहून ठेवा.

पुढचं काही घरी करून बघण्यासारखं नाही: पहिले तीन दिवस सोडून पुढे सात-आठ तासांत शू नाही, बाळ पाजायला उठवूनही उठत नाही किंवा ओढतच नाही, अंगाला 38 अंश सेल्सिअस किंवा जास्त ताप, किंवा अंग गार पडलंय, मिनिटाला 60 किंवा जास्त श्वास, छातीत खळगे पडतात, झटका आला, पिवळेपणा तळहात-तळपायांपर्यंत उतरला. यातलं एकही दिसलं तर नागपुरातली मेडिकल, मेयो, डागा ही सरकारी रुग्णालयं किंवा तुमचे नेहमीचे बालरोगतज्ज्ञ, जे जवळ असेल तिथे लगेच. गाडी नसेल तर 108. काविळीसाठी बाळाला उन्हात धरून वाट बघत बसू नका. कावीळ झालेलं बाळ झोपाळू होतं, झोपाळू बाळ कमी पितं, कमी प्यायलं की कावीळ वाढते.

लंगोट ठीक, वजन ठीक, तरी सारखं पितंय

मग बहुधा बिघाड कुठेच नाही. नवजात बाळ 24 तासांत 8 ते 12 वेळा पितं आणि ते घड्याळ लावून दर दोन तासांनी पीत नाही. पहिल्या दिवशी एका वेळी पोटात 5 ते 7 मिली मावतं, चहाचा एक चमचाभर. आठवड्याच्या शेवटी 45 ते 60 मिली. दूध पचतंही लवकर. अर्धा पेला प्यायलेला माणूस लगेच परत पाणी मागेलच.

दुसरी रात्र जवळजवळ प्रत्येक घरात गाजते. पहिला दिवस झोपून काढलेलं बाळ दुसऱ्या रात्री जागं होतं आणि सोडतच नाही. तेव्हा चीकच येत असतो, तोही थोडा, आणि तो तेवढाच हवा असतो. हे सारखं ओढणं म्हणजेच दुधाची मागणी नोंदवणं. दूध भरायला 2 ते 5 दिवस लागतात, सिझेरियननंतर कधी एखादा दिवस जास्त. नेमकी हीच रात्र बघून बाटली दिली जाते.

संध्याकाळी पाच ते रात्री अकरापर्यंत लागोपाठ पिणं, मग एक मोठी झोप, हेही नेहमीचं. दोन-तीन आठवड्यांच्या आणि सहा आठवड्यांच्या सुमाराला बाळ वाढीच्या झटक्यात दोन-तीन दिवस अधाशासारखं पितं आणि आपोआप शांत होतं.

उन्हाळ्यात नागपुरात संध्याकाळच्या रडण्याला आणखी एक कारण असतं आणि ते भुकेचं नसतं. पारा 45 च्या पुढे गेलेल्या दिवशी वरच्या मजल्याची स्लॅब सूर्य मावळल्यावरही तासन्‌तास गरम वाफ सोडत राहते. त्याच खोलीत बाळाला टोपी, हातमोजे, पायमोजे आणि वरून दुपट्यात घट्ट गुंडाळलेलं. मानेमागे आणि पाठीला हात लावा. घामेजलेलं, तापलेलं लागलं तर टोपी-मोजे काढा, एक पातळ सुती झबलं पुरे, आणि कूलरचा झोत अंगावर सरळ न येता खोलीत खेळता ठेवा. कपडे सोडल्यावर अर्ध्या तासातही अंग तापलेलंच असेल तर तापमापक लावा. हातमोजे काढण्याचं आणखी एक कारण आहे. तोंडाकडे हात नेणं ही भुकेची पहिली खूण, आणि ती मोज्यात झाकली जाते. मग आपल्याला दिसते ती शेवटची खूण, म्हणजे रडणं. चिडून रडणारं बाळ तोंडात नीट धरत नाही. त्याला आधी उभं धरून शांत करा, मग छातीला लावा.

पाणी पाजू नका. उन्हाळ्यातही नाही, चमचाभरही नाही, सहा महिन्यांपर्यंत. अंगावरच्या दुधात 87 ते 88 टक्के पाणीच असतं. उन्हात बाळ थोडं थोडं पण जास्त वेळा पितं आणि सुरुवातीचं पातळ दूधच तहान भागवतं. वरचं पाणी पोट भरतं, दूध कमी ओढलं जातं, वजन अडकतं आणि जुलाब लागायचा धोका वेगळाच. गुळाचं पाणी, मध, ग्राइप वॉटर आणि सहाणेवर उगाळलेली घुटी यांनाही हेच लागू. मध तर वर्षाच्या आत नकोच. घुटीतल्या जायफळानं बाळ झोपतं, पण झोपलं म्हणजे पोट भरलं असं होत नाही.

पाणी आईला द्या. शेगडी, धुरी, कानाला फडकं आणि "बाळंतिणीनं पाणी कमी प्यावं" हा सगळा बेत वैशाखात चालवला तर आधी आईच कोमेजते. पाजायला बसताना हाताशी तांब्या ठेवावा आणि तहान लागेल तसं प्यावं. चार लिटर जबरदस्तीनं प्यायल्यानं दूध वाढत नाही. आणि नागपुरात राहून बाळंतिणीला संत्र्याची फोड मिळू नये, हे काही पटत नाही.

लंगोट कमी, वजन अडकलेलं: आधी पकड बघा

प्रत्येक वेळी 40-45 मिनिटं छातीला, तरी अर्ध्या तासात परत रडणं, 24 तासांत एकदाही दोन तासांची शांतता नाही, आणि आईची बोंडी चिरलेली किंवा दुखरी. ही लक्षणं एकत्र दिसली की दूध आहे पण निघत नाहीये. बाळ नुसती बोंडी चोखतंय. बोंडीमागचा काळा भाग तोंडात गेल्याशिवाय दूध नीट येत नाही. पाजून झाल्यावर बोंडी बघा. गोल असेल तर ठीक. नव्या लिपस्टिकच्या टोकासारखी तिरपी किंवा चपटी निघाली तर पकड चुकली.

आपल्याकडच्या चुका ठरलेल्या आहेत. मांडी घालून बसायचं, बाळ मांडीत उताणं, फक्त त्याची मान वळवायची आणि आईनं त्याच्यावर वाकायचं. तुम्ही स्वतः मान खांद्याकडे वळवून पेलाभर पाणी पिऊन बघा, घोट अडकतो. दुसरी चूक म्हणजे दोन बोटांच्या कात्रीत छाती धरणं, बाळाचं नाक दबू नये म्हणून. ती बोटं काळ्या भागावरच येतात आणि बाळाला पुढे सरकूच देत नाहीत. नाक दबतंय असं वाटलं तर छाती दाबू नका, बाळाचं बूड आपल्या पोटाजवळ ओढा. डोकं आपोआप मागे झुकतं आणि नाक मोकळं होतं.

नीट लावायचं ते असं:

1. पाठ भिंतीला टेकवा, हाताखाली उशी, बाळ छातीच्या उंचीवर. बाळाचं पोट तुमच्या पोटाला, आणि कान, खांदा, कंबर एका रेषेत.
2. बाळाचं नाक बोंडीसमोर आणा, तोंड नव्हे. बोंडी वरच्या ओठाला लावा आणि थांबा. जांभईसारखं मोठं तोंड उघडेपर्यंत थांबा. इथे घाई केली की पुढचं सगळं चुकतं.
3. तोंड उघडलं की बाळाला छातीकडे आणा, छाती बाळाकडे नको. हात खांद्यांमागे ठेवा, डोकं मागून ढकलू नका. हनुवटी आधी टेकली पाहिजे.
4. आता चार खुणा बघा: तोंड मोठं उघडलेलं, खालचा ओठ बाहेर वळलेला, हनुवटी छातीला चिकटलेली, काळा भाग वरच्या बाजूला जास्त आणि खाली कमी दिसतोय.
5. पहिल्या अर्ध्या मिनिटानंतरही दुखत असेल तर स्वच्छ करंगळी ओठांच्या कोपऱ्यातून आत सरकवून पकड सोडवा आणि पुन्हा लावा. दात-ओठ खाऊन सहन करणं हा उपाय नाही.

पकड जमली की चोखण्याची लय बदलते. सुरुवातीला भराभर, मग पान्हा आला की खोल, सावकाश, मध्ये क्षणभर थांबून, आणि त्या थांबण्यात "क्‌" असा गिळण्याचा बारीक आवाज. गाल आत जात असतील किंवा चटचट आवाज येत असेल तर हवा चोखली जातेय. पकड नीट करूनही तेच चालू राहिलं तर बाळाची जीभ खालून जखडलेली आहे का, हे बालरोगतज्ज्ञांना बघायला सांगा.

सिझेरियनच्या टाक्यांवर बाळाचं वजन येऊ नये म्हणून बाळाला काखेखाली, पाय मागे करून धरा, किंवा कुशीवर झोपून पाजा. तिसऱ्या ते पाचव्या दिवशी छाती दगडासारखी भरून बोंडी सपाट झाली तर बाळ घसरतं आणि चिडतं. अशा वेळी बोंडीभोवती बोटांची टोकं ठेवून एक मिनिट छातीच्या दिशेनं हळू दाबा, थोडं दूध हातानं काढा आणि मऊ झाल्यावर लावा.

पकड बरोबर, पण बाळ दोन मिनिटांत झोपतं

कमी दिवसांची, कमी वजनाची आणि काविळीची बाळं असं करतात. दुपटं काढा, लंगोटीवरच आपल्या उघड्या छातीशी धरा. गिळणं थांबलं की पूर्ण हातानं छाती मागून दाबा आणि दाबून धरा. दूध तोंडात आलं की ते परत गिळतं. चोखणं थांबलं की दाब सोडा, मग पुन्हा. दाबूनही गिळत नसेल तर बाजू बदला, आणि नंतर परत पहिल्या बाजूला या. जन्माचं वजन भरून येईपर्यंत दिवसा तीन तासांच्या, रात्री चार तासांच्या वर झोपू देऊ नका. रात्रीचं पाजणं सोडू नका, दूध तयार करणारं संप्रेरक रात्रीच जास्त असतं.

कधी उलटा प्रकारही दिसतो. बाळ ठसकतं, छाती सोडून ताठ होतं, वात खूप, हिरवी फेसाळ शी, आणि वजन मात्र दिवसाला 40-50 ग्रॅमनं वाढतंय. हे जास्त दुधामुळे होतं. मागे रेलून बसा, बाळाला वर घ्या आणि बाजू बदलण्याआधी एक बाजू पूर्ण रिकामी होऊ द्या. वजन कमी असताना हा उपाय करू नका.

दूध खरंच कमी असेल तर

असं असतं, पण वाटतं त्यापेक्षा बरंच कमी. थायरॉइड, बाळंतपणात झालेला मोठा रक्तस्राव, वारेचा तुकडा आत राहणं, जबर रक्तक्षय, पीसीओएस (अंडाशयातला संप्रेरकांचा बिघाड), छातीची जुनी शस्त्रक्रिया, इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या, सर्दीच्या काही गोळ्या. पकड सुधारूनही तीन-चार दिवसांत वजन हललं नाही तर बाळाबरोबर आईचीही तपासणी हवी. मेथीचे, डिंकाचे लाडू आणि अळिवाची खीर जरूर खा. अंगावर पाजताना आईला रोज 600 किलोकॅलरी जास्त लागतात आणि ती भूक त्यांनी छान भागते. पण छातीतून दूध निघत नसेल तर लाडवांनी ते वाढणार नाही. छाती जितकी रिकामी होईल तितकं नवं बनतं. म्हणून पाजल्यावर दोन्ही बाजूंनी 10 मिनिटं हातानं काढा. अंगठा आणि बोटं बोंडीपासून सुमारे 3 सेंटिमीटर मागे, आधी छातीकडे दाबायचं, मग एकमेकांकडे. कातडीवर बोटं घसरवू नका. काढलेलं दूध बोंडल्यानं किंवा वाटी-चमच्यानं पाजा, बाटलीनं नको. बाटलीत न ओढता दूध येतं आणि बाळ तीच सवय धरतं. काढलेलं दूध बाहेर 25 अंशांपर्यंत 4 तास टिकतं. आपल्याकडे मे महिन्यात कूलरपुढेही खोली 25 ला येत नाही, तेव्हा लगेच पाजा नाहीतर फ्रीजच्या आतल्या भागात ठेवा.

डॉक्टरांनी वरचं दूध सांगितलं तर ते औषधासारखं, सांगितलेल्या मापानं द्या. डब्यावर लिहिलेलं पाणी आणि पावडरचं प्रमाण बदलू नका. पातळ केलेल्या दुधानं पोट फुगतं, वजन वाढत नाही. गाय-म्हशीचं दूध वर्षाच्या आत नको. आणि कोणी डब्याचा फुकट नमुना हातात ठेवला तर लक्षात असू द्या, 1992 च्या कायद्यानं असे नमुने वाटायला बंदी आहे.

डबा आधीच सुरू झाला असेल तर एकदम बंद करू नका. प्रत्येक वेळी आधी दोन्ही बाजूंनी अंगावर, मग वरचं. पकड जमली, लंगोट सहाच्या वर गेले, की दिवसाच्या एकूण मापातून 30 ते 50 मिली कमी करा आणि तीन दिवस तिथेच थांबा. सकाळची वेळ आधी सोडवा, तेव्हा छाती भरलेली असते. संध्याकाळची सगळ्यात शेवटी. आठवड्याला 150 ग्रॅम वाढत असेल तर पुढचे 30 मिली कमी करा, नसेल तर मागच्या मापावर परत या.